जुना ट्रॅक्टर सुरू होत नाही? आधी कारण शोधा, मग पाना उचला



आपल्या सडक अर्जुनी तालुक्यात धान हेच मुख्य पीक. पऱ्हे तयार झाले, बांधीत पाणी साचले की चिखलणीला ट्रॅक्टर लागतो तो त्याच दिवशी लागतो. एकवीस ते पंचवीस दिवसांचे पऱ्हे रोवले तर फुटवे चांगले येतात. पऱ्हे वयस्क झाले की फुटवे कमी आणि उताराही कमी. रोवणीला बाया सांगून ठेवलेल्या, बांधीत पाणी भरलेले, आणि नेमका त्या सकाळी घरचा जुना ट्रॅक्टर नुसताच कुरकुरतो. "कालपर्यंत तर चांगला होता, आज चालूच होऊन नाही राहिला," हे वाक्य आषाढात कोणत्याही गावात ऐकायला मिळते.

अशा वेळी घाई होते. कोणी म्हणतो बॅटरी गेली, कोणी म्हणतो पंप गेला, कोणी म्हणतो इंजिनाचे काम काढावे लागेल. ज्याचा आवाज मोठा त्याचे आपण ऐकतो. पंप उतरवून गोंदियाला किंवा साकोलीला पाठवतो, चार दिवस जातात, पैसे जातात, आणि शेवटी दोष निघतो एखाद्या झिजलेल्या तांब्याच्या वॉशरमध्ये. म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे. ट्रॅक्टरला ठराविक क्रमाने चार प्रश्न विचारा. ज्या तपासणीला खर्च नाही ती पहिली, ज्या तपासणीला मोठा खर्च आहे ती शेवटची. हा क्रम मोडू नका.

हे बोलणे जुन्या ट्रॅक्टरांबद्दल आहे, म्हणजे ज्यांचा डिझेलपंप साधा यांत्रिक आहे त्यांच्याबद्दल. बोडीवरच्या डिझेल इंजिनालाही यातले बरेचसे लागू पडते. मात्र १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागले. त्यांपैकी अनेकांत कॉमन रेल पद्धतीचे इंजिन असते. त्यात डिझेलचा दाब फार मोठा असतो. त्याच्या नळीचे नट घरी कधीही सैल करू नयेत.

इंजिन पेट कसा घेते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर जाताना आतली हवा साधारण सोळा ते अठरा पट दाबली जाते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे बूड गरम होते ना, तसेच. येथे दाब इतका मोठा की हवा पाचशे अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा सोडते आणि डिझेल आपोआप पेटते. म्हणजे इंजिन सुरू व्हायला चार गोष्टी लागतात. इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे. डिझेल पोचले पाहिजे. मोकळी हवा मिळाली पाहिजे. आणि ती हवा आत दाबली गेली पाहिजे, गळता कामा नये. आपले चार प्रश्न हेच.

पाना उचलण्यापूर्वी

ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये आहे का ते आधी पाहावे. हँडब्रेक लावावा, चाकाला दगड लावावा. मग टाकीत डिझेल आहे का, टाकीखालची तोटी उघडी आहे का, आणि इंजिन बंद करण्याचा स्टॉपर पूर्ण आत गेला आहे का ते बघावे. स्टॉपरची तार गंजली की दांडा आत गेल्यासारखा दिसतो, पण पंपावरचा लिव्हर मागे सरकतच नाही. मग दिवसभर सेल्फ मारला तरी डिझेल मिळत नाही. प्रत्यक्ष पंपाजवळ जाऊन लिव्हर हलतो का ते डोळ्यांनी पाहावे. या तपासणीला दोन मिनिटे लागतात आणि खर्च काहीच नाही.

पहिला प्रश्न : इंजिन जोरात फिरते का?

इंजिन मिनिटाला शंभर-दीडशे फेरे तरी फिरले पाहिजे. त्याहून हळू फिरले तर दाबलेली हवा तापते खरी, पण ती ऊब लोखंडात निघून जाते आणि डिझेल पेटत नाही.

पुढचे दिवे लावा आणि सेल्फ मारा. एका माणसाला दिव्याकडे बघायला सांगा. दिवे एकदम मंद झाले आणि सेल्फ कण्हत फिरला, किंवा नुसते टक्-टक् झाले, तर बॅटरी उतरली आहे किंवा जोड खराब आहे. दिवे तसेच तेजस्वी राहिले आणि सेल्फ हललाच नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोचत नाही. तेव्हा किल्लीचा स्विच, सोलेनॉइड आणि त्यांच्या तारा पाहाव्यात.

बॅटरी बदलण्याआधी जोड पाहा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर तारा काढून गरम पाण्याने धुवाव्यात, पॉलिश पेपरने घासून घट्ट बसवाव्यात आणि वरून व्हॅसलिन लावावे. तारा काढताना अर्थिंगची तार आधी काढावी आणि बसवताना ती शेवटी बसवावी. बॅटरीची जाड तार इंजिनाला किंवा चेसिसला जेथे बोल्टने जोडली आहे ती जागा बहुतेक जण विसरतात. चिखलात काम करणाऱ्या ट्रॅक्टरची ती जागा हमखास गंजते. ओळखण्याची सोपी खूण अशी की थोडा वेळ सेल्फ मारून झाल्यावर प्रत्येक जोडाला हात लावून पाहावा. जो जोड गरम लागेल तो सैल किंवा गंजलेला समजावा.

जोड ठीक असतील तर बॅटरी तपासा. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना तो आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी कमजोर आहे. हायड्रोमीटर असल्यास प्रत्येक कप्प्याचे पाणी मोजावे. १.२४० ते १.२६० असेल तर ठीक, १.२०० च्या खाली असेल तर चार्जिंग हवे. पाच कप्पे चांगले आणि एकच कप्पा फार खाली असेल, तर तो कप्पा मेला. ती बॅटरी कितीही चार्ज केली तरी टिकणार नाही. पाणी प्लेटांच्या वर साधारण एक सेंटिमीटर असावे. भर घालायची ती फक्त डिस्टिल्ड वॉटरची. विहिरीचे पाणी नको, ॲसिडही नको.

बॅटरी चांगली, जोड चांगले, तरी सेल्फ जड फिरतो, विशेषतः इंजिन गरम असताना, तर सेल्फचे बुश किंवा कार्बन झिजलेले असतात. ते काम मिस्त्रीचे. थंडीत इंजिनातले ऑइल फार जाड असेल तरीही सेल्फ जड फिरतो. पुस्तिकेत सांगितलेल्या नंबरचेच ऑइल घालावे.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे. सलग मारल्याने बॅटरी बसते आणि सेल्फही जळतो. मग एका दोषाचे तीन दोष होतात.

दुसरा प्रश्न : डिझेल पोचते का?

सेल्फ जोरात फिरतो, तरी इंजिन पेट घेत नाही. आता सायलेन्सरकडे पाहा. सेल्फ मारताना धूर मुळीच नाही, तर डिझेल पोचत नाही. पांढरा धूर निघतो, तर डिझेल पोचते पण पेटत नाही. ही एक खूण ओळखली तर अर्धे निदान झाले. ज्याच्या सायलेन्सरमधून भरपूर पांढरा धूर येतो त्याने टाकीपासून नळ्या खोलत बसण्यात अर्थ नाही.

धूर नसेल तर टाकीपासून सुरुवात करावी. टाकीच्या झाकणाला बारीक छिद्र असते. ते चिखलाने बुजले की टाकीत हवा शिरत नाही आणि डिझेल खाली उतरत नाही. अशा वेळी ट्रॅक्टर सुरू होतो, थोडा चालतो आणि बंद पडतो. झाकण उघडताना सुस्स असा आवाज आला तर दोष सापडला. त्यानंतर काचेची वाटी असल्यास ती पाहावी. तळाला पाण्याचा थर किंवा गाळ दिसला तर काढून टाकावा. फिल्टर किती तासांनी बदलले याचा हिशेब ठेवला नसेल, तर बहुधा वेळ टळून गेली आहे असे समजावे.

आता सगळ्यांत जास्त आढळणारा दोष. डिझेल लाइनमध्ये हवा धरणे. डिझेल संपेपर्यंत ट्रॅक्टर चालवला, फिल्टर बदलला किंवा एखादा जोड सैल झाला की लाइनमध्ये हवा शिरते. हवा दाबली जाते, पण डिझेलसारखी पुढे ढकलली जात नाही. त्यामुळे नोझल उघडतच नाही. हवा अशी काढावी :

१. टाकी निदान पाव भरलेली असावी. फिल्टर आणि पंप बाहेरून स्वच्छ पुसून घ्यावेत. घाण आत जाऊ देऊ नये.

२. पहिल्या फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू दीड-दोन आटे सैल करावा आणि हातपंप मारावा. आधी फेस येईल. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार लागली की हातपंप मारत असतानाच स्क्रू घट्ट करावा.

३. दुसऱ्या फिल्टरवर आणि नंतर मोठ्या डिझेलपंपावर हेच करावे. क्रम टाकीकडून इंजिनाकडे. उलटा नाही.

४. हातपंप अगदी हलका लागत असेल आणि डिझेल ओढत नसेल, तर सेल्फचा एक झटका देऊन इंजिन थोडे फिरवावे. आतला कॅम वर आलेला असला की हातपंप काम करत नाही.

५. तरीही इंजिन पेट घेत नसेल, तर थ्रॉटल पूर्ण उघडून नोझलच्या बाजूचे नळीचे नट एक आटा सैल करावेत आणि सेल्फ मारावा. डिझेल झटक्या-झटक्याने बाहेर आले की नट घट्ट करावेत. या वेळी हात आणि तोंड दूर ठेवावे. नोझलचा फवारा कातडी भेदून आत जातो. तशी जखम वरून लहान दिसते, पण ताबडतोब दवाखान्यात जावे लागते.

हवा काढल्यावर ट्रॅक्टर सुरू झाला. ठीक. पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. रोज सकाळी हातपंप मारावाच लागतो, आणि मारला की लगेच सुरू होतो, असे असेल तर नीट ऐका. मोठा पंप चांगला आहे. त्याला हात लावू नका. रात्रभरात कोठून तरी हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे परत उतरते, एवढाच दोष आहे. टाकी ते छोट्या फीडपंपापर्यंतची नळी, काचेच्या वाटीचा रबर, बॅन्जो बोल्टाचे तांब्याचे वॉशर आणि फीडपंपाचे व्हॉल्व्ह तपासावेत. येथे एक अडचण आहे. ही बाजू डिझेल ओढणारी असल्यामुळे जोडातून डिझेल बाहेर टिपकेलच असे नाही. बाहेरून कोरडा दिसणारा जोडही हवा ओढतो. त्यावर युक्ती अशी की टाकीनंतरच्या नळीच्या जागी डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी तात्पुरती लावावी. बुडबुडे दिसले तर दोष टाकीच्या बाजूला. दिसले नाहीत तर पुढे. एका वेळी एकच जोड दुरुस्त करावा, म्हणजे दोष नेमका कोठे होता ते कळते.

याच्या उलट प्रकार असा. सकाळी थंड असताना चटकन सुरू होतो आणि दुपारी तापल्यावर बंद केला की पुन्हा घेत नाही. डिझेल तापले की पातळ होते आणि झिजलेल्या पंपातून आतल्या आत गळते. सेल्फ जोरात फिरत असेल आणि लाइनमध्ये हवा नसेल, तरच हा संशय धरावा आणि मगच पंप टेस्ट बेंचवर पाठवावा.

तिसरा प्रश्न : हवा मिळते का?

आपल्याकडे धानाच्या मळणीत तूस आणि बारीक धूळ फार उडते. तेलाचा एअर क्लीनर असेल तर मळणीच्या दिवसांत रोज उघडून पाहावा. वाटीत खाली गाळ जमला असेल तर रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन, खुणेपर्यंतच नवे ऑइल भरावे. खुणेच्या वर भरले तर इंजिन ते ऑइल ओढून घेते. इंजिन सुरू होताना आणि चालताना काळा धूर येत असेल, तर हवा कमी पडते असे धरून पहिली नजर एअर क्लीनरवर टाकावी.

चौथा प्रश्न : हवा दाबली जाते का?

सेल्फ जोरात, डिझेल पोचते, हवा मोकळी, तरी पांढरा धूर आणि पेट नाही. आता आतल्या दाबाचा विचार करावा. पण येथेही पायऱ्या आहेत.

प्रथम हवामान पाहा. पूस-माघात गोंदियाकडे पारा काही दिवस दहा अंशांच्या खाली उतरतो. ज्या इंजिनाला हीटर आहे त्याचा हीटर चालतो का ते पाहावे. किल्ली हीटरवर पंधरा-वीस सेकंद धरून मग सेल्फ मारावा. रेडिएटरमध्ये कोमट पाणी भरल्यानेही मदत होते. उकळते पाणी कधीही घालू नये, हेड तडकते.

दुसरे, टॅपेट. व्हॉल्व्हची फट फार कमी झाली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब गळतो. पुस्तिकेत दिलेल्या मापाप्रमाणे फट बांधणे हे मिस्त्रीचे तास-दोन तासांचे काम आहे. तिसरे, नोझल. नोझल बारीक फवारा न मारता धार सोडत असेल तर डिझेल पेटत नाही. नोझल काढून टेस्टरवर दाबून घ्यावे, खर्च मोठा नाही.

हे तिन्ही झाल्यावरच रिंग-पिस्टनकडे वळावे. त्याच्या खुणा अशा : ऑइल वरचेवर भरावे लागते, चालताना निळसर धूर येतो, ऑइल भरण्याचे झाकण उघडले की आतून वाफेसारखी हवा जोराने बाहेर येते, आणि ओढीला ट्रॅक्टर कमी पडतो. या खुणा एकत्र दिसल्या तर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. मोजल्याशिवाय "काम काढा" म्हणणाऱ्याला होकार देऊ नये. आणि काम काढायचेच असेल तर ते चैत्र-वैशाखात काढावे. रोवणीच्या तोंडावर इंजिन खोलू नये.

एक खूण धोक्याची. सेल्फ मारताच इंजिन ठक्कन अडकले, एका जागी थांबले, तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलेंडरमध्ये पाणी उतरलेले असू शकते. रेडिएटरचे पाणी कमी झाले का, ऑइल दुधासारखे झाले का ते पाहून मिस्त्रीला बोलवावे.

जिवाशी खेळ नको

आता सांगतो ते कृपा करून घरच्या पोरांनाही ऐकवा. सेल्फ लागत नाही म्हणून खाली उभे राहून स्क्रूड्रायव्हरने सेल्फचे दोन टोक जोडतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो सुरू होताक्षणी पुढे निघतो, आणि तो माणूस मागच्या मोठ्या चाकाच्या पुढेच उभा असतो. पळायला वेळ मिळत नाही. ट्रॅक्टर सुरू करायचा तो सीटवर बसूनच.

एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरू नये. तूस आणि तणीस जवळ असते, आग लागायला वेळ लागत नाही. इथरचा स्प्रे हीटर असलेल्या इंजिनात मारू नये, आत भडका उडतो. बॅटरीतून निघणारी हवा पेट घेणारी असते, तिच्यावर वाकताना तोंडात विडी नको. बोडीवरचे इंजिन हँडलने फिरवताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. हँडल उलटे फिरले तर मनगट वाचते.

दोष येऊच नये म्हणून

संध्याकाळी काम संपले की टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी धरते. घरी ड्रममध्ये डिझेल ठेवत असाल तर ड्रम हलवल्यावर ते एक दिवस निवू द्यावे, तळाचे चार बोटे डिझेल ट्रॅक्टरात घालू नये आणि ओतताना गाळणी वापरावी. पावसाळ्याआधी मृग लागण्यापूर्वीच बॅटरी, जोड, फिल्टर आणि नळ्या बघून घ्याव्यात. पन्नास-साठ रुपयांचे वॉशर आणि एक जादा फिल्टर घरात ठेवावा. चढावर ट्रॅक्टर उभा करायचा आणि सकाळी उतारावरून सोडून सुरू करायचा, ही सवय कायमची लावून घेऊ नये. त्याने दोष झाकला जातो, जात नाही.

आणि एक वही ठेवा. कोणत्या तारखेला फिल्टर बदलला, हवा कधी काढली, धूर कसा होता, थंड असताना त्रास होता की गरम असताना, एवढे लिहून ठेवा. मिस्त्रीकडे जाताना ती वही न्या. "चालू होत नाही" एवढेच सांगितले तर त्याला अंदाजाने खोलावे लागते. "सेल्फ जोरात फिरतो, धूर नाही, हातपंप मारला की सुरू होतो," असे सांगितले तर तो सरळ दोषावर हात ठेवतो. तुमचे पैसे वाचतात आणि त्याचा वेळही. घरातल्या एखाद्या तरुणाला, मुलगा असो की मुलगी, हे काम नीट शिकायचे असेल तर मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची शेतीयंत्रांच्या प्रशिक्षणाची संस्था १९५५ पासून आहे, तिची चौकशी करावी.

थोडक्यात लक्षात ठेवा

• सेल्फ हळू फिरतो : आधी जोड, मग बॅटरी, मग सेल्फ.
• सेल्फ जोरात, धूर नाही : स्टॉपर, टाकी, फिल्टर, हवा.
• हातपंप मारल्यावर रोज सुरू होतो : ओढीच्या नळीत हवा शिरते, मोठा पंप उतरवू नका.
• पांढरा धूर, पेट नाही : थंडी व हीटर, टॅपेट, नोझल, शेवटी रिंग-पिस्टन.
• काळा धूर : एअर क्लीनर.
• थंड असताना सुरू, गरम असताना नाही : सेल्फ आणि पंप तपासा.

बंधू-भगिनींनो, हा कागद ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. ट्रॅक्टर अडला की आधी हा क्रम लावा. बहुतेक वेळा कारण पहिल्या दोन प्रश्नांतच सापडते, आणि त्याच दुपारी तुमच्या बांधीत चिखलणी सुरू होते. यंदाची रोवणी वेळेवर होवो. नमस्कार.